आजारपणात दोन फॉल लावले म्हणजे मी आजारी नव्हते का?

सुदामानगरची शिलाईवाली

रविवारी इंदूरला रामबागेत मावशीकडे सगळे जमलो होतो. वाद पेटला तो भाच्यावरून. तो लेस्टरला असतो, इलेक्ट्रिशियन आहे, कुणाचा नोकर नाही. मागच्या वर्षी शिडीवरून पडून मनगट मोडलं. ब्रिटनमध्ये नोकरदाराला मालकाकडून 28 आठवड्यांपर्यंत आजारपणाचा पगार मिळतो. स्वतःचा धंदा असला तर तो नाही. पण भाच्याने नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे तिथल्या सरकारी विम्याची, वर्गणी नेमाने भरली होती, म्हणून त्याला सरकारी भत्ता सुरू झाला, 2024-25 च्या दराने आठवड्याला 90.50 पौंड. पहिले सात दिवस काही नाही, पुढे डॉक्टरचं पत्र द्यायचं. व्हिडिओ कॉलवर तो मधेच एका गिऱ्हाइकाला कामाचा भाव सांगत होता, ते मामांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आजारी म्हणून पैसेही घेतो आणि धंदाही करतो. ही सरळ चोरी आहे."

मला ते फार लागलं, कारण मागच्या पावसाळ्यानंतर मला चिकनगुनिया झाला होता. सकाळी मूठ मिटायची नाही. कात्री धरली की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची. शिवायला आलेली 31 ब्लाउजं, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचणीने लावलेली, पिशवीत तशीच. तुळशीचं लग्न होऊन लगीनसराई तोंडावर आलेली, 11 जणी कापड परत घेऊन गेल्या. पाच आठवडे असे गेले. आयुष्मान कार्ड आहे आमचं, 5 लाखांचं, पण ते रुग्णालयात भरती झालं तरच. मी घरातच पडून होते. अगदीच गरज पडली की थोडा वेळ बसून एखादा फॉल लावायचे. तेव्हा शेजारीण म्हणाली, "मशीनचा आवाज येतोय, म्हणजे बरी झालीस!"

माझं म्हणणं एवढंच आहे की, आमच्यासारख्यांकडून दर महिन्याला थोडी वर्गणी घ्या आणि हात बंद पडला की रोजीचा काही भाग द्या. आधी भरून मग घेतलेला पैसा भीक कसा होईल?

सियागंजचा किराणावाला

ताई, तुमचे हाल झाले यात शंका नाही. पण मी विरोधात आहे, आणि मलाही स्वतःचंच दुकान आहे म्हणून सांगतो.

मला ताप आला तर गल्ल्यावर मुलगा बसतो. विक्री चालूच. मग मी आजारी धरायचा का? तुमच्याकडे दोन कारागीर असते तर? नोकरदाराचा पगार पासबुकात दिसतो, आपला धंदा रोकड्याचा. निम्मी रोजी द्यायची तर रोजी किती, हे कोण ठरवणार? विवरणपत्रात एक आकडा, गल्ल्यात दुसरा.

आणि वर्गणी भरणार कोण? ईएसआयमध्ये, म्हणजे नोकरीतल्या कामगारांच्या सरकारी आजारपण विम्यात, कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के असतात. आपल्याला मालकच नाही, म्हणजे चारही टक्के आपल्याच खिशातून. महिना 15,000 कमावणाऱ्याला 600 रुपये. सरकारची श्रमयोगी मानधन ही पेन्शन योजना 2019 मध्ये निघाली, वयाप्रमाणे महिना 55 ते 200 रुपये भरायचे. आमच्या गल्लीतल्या दोन हम्मालांनी सुरू केली आणि दोघांनीही वर्षाच्या आत सोडली. वर्गणी थांबणार, दावे मात्र येत राहणार, आणि खड्डा भरायचा टॅक्स देणाऱ्याने.

नंदानगर, मिलवाल्याचा मुलगा

काका, रागावू नका, पण हे मी घरात पाहिलंय.

वडील मिलमध्ये साच्यावर होते. त्यांना टीबी झाला तेव्हा ईएसआयच्या दवाखान्यातून औषध मिळालं आणि घरी पैसेही आले. आजच्या नियमाने साध्या आजारात वर्षाला 91 दिवस, मजुरीच्या 70 टक्के. टीबीसारख्या लांब चालणाऱ्या दुखण्यात 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. ते पैसे नसते तर मी आठवीतच कुठेतरी कप-बशा धूत असतो. खोटे पर्चे आणणारे तेव्हाही होते, सगळ्या नंदानगरला ठाऊक होते. म्हणून ईएसआय बंद करा असं कुणी म्हटलं नाही.

पुढे मिल बंद पडली. वडिलांनी भाजीचा ठेला लावला. माणूस तोच, छाती तीच. फक्त आता ते 'स्वतःचा धंदा करणारे' झाले होते. पुन्हा खोकला सुरू झाला तेव्हा ते ठेल्याच्या दांडीला रेलून उभे राहायचे, दम लागला की गिऱ्हाइकाला हाताने खूण करायचे की भाजी तुम्हीच निवडा. एक दिवसही घरी बसले नाहीत. मिलमध्ये होते तेव्हा ते भरवशाचे आणि ठेल्यावर आले की लबाड, असं कसं?

जुनी इंदूरचा डॉक्टर

मी तीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. पत्र शेवटी मलाच द्यायचं असतं, म्हणून बोलतो.

ताप तपासणीत दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. चिकनगुनियानंतरचे सांधे किती दुखतात ते रोग्यालाच कळतं, आणि ते महिनोन्महिने दुखू शकतात. कारखान्यात निदान सुपरवायझर असतो, माणूस कामावर आला की नाही ते तो सांगतो. स्वतःच्या धंद्यात फक्त रोगी आणि मी. ओळखीचं कुटुंब समोर बसून म्हणतं, "डॉक्टरसाहेब, पंधरा दिवस आणखी लिहा ना." नाही म्हटलं तर संबंध तुटतो, हो म्हटलं तर मी खोटं लिहिलं. भरतीचे दिवस आणि पुढचे दहा दिवस, एवढ्याचेच पैसे द्यावेत. त्याला रुग्णालयाचा कागद असतो.

सुदामानगरची शिलाईवाली

डॉक्टरसाहेब, तुमच्या या नियमाने मला एक रुपयाही मिळाला नसता. मी भरती झालेच नव्हते.

विम्याचं काम करते, पलासिया

थोडी माहिती देते. 20 रुपयांचा सुरक्षा विमा फक्त अपघाताचा, मृत्यूला 2 लाख. आपल्या मध्य प्रदेशातल्या संबल या सरकारी योजनेत नोंद असलेला असंघटित कामगार साध्या मरणाने गेला तर घरच्यांना 2 लाख, अपघातात 4 लाख. खाजगी अपघात पॉलिसीत आठवड्याची भरपाई जोडता येते, पण तिथेही आधी अपघात व्हायला हवा. पाच आठवडे हात सुजून घरी बसलेल्या बाईसाठी यातलं काहीच नाही. मी रोज पॉलिसी विकते आणि हा प्रश्न रोज ऐकते.

सियागंजचा किराणावाला

नंदानगरच्या भाऊ, वडिलांचं वाचून दुकानात थोडा वेळ गप्प बसलो होतो. चोर सगळे, असं मी म्हणत नाही. पण दुकान उघडं असताना पैसे घेणं मला पटणार नाही. शटर खाली असेल तरच.

सुदामानगरची शिलाईवाली

काका, रोजी मोजायचीच कशाला? भाच्याला सगळ्यांसारखी ठरावीकच रक्कम मिळते, त्याची कमाई किती होती त्यावर नाही. आपल्याकडेही तसंच करा. आणि नवा कायदा करायलाही नको. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कलम 45 आहे. असंघटित आणि गिग, म्हणजे सुटी कामं घेणाऱ्या, कामगारांना ईएसआयचे लाभ देणारी योजना केंद्र सरकार आखू शकतं. दार आहे, कुणी उघडलेलं नाही. वर्गणीचं म्हणाल तर दवाखाना सोडून फक्त रोजीपुरते महिना 200 रुपये मी आजपासून भरते.

शटरचं मात्र मान्य नाही. पाच आठवडे शटर खाली ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं ते परत येत नाही. ब्रिटनमध्येसुद्धा आठवड्याला 16 तासांच्या आत, ठरलेल्या कमाईपर्यंत काम चालतं, फक्त ते कार्यालयाला कळवावं लागतं. मामांनी ऐकलेला तो फोन भाच्याने कळवला होता. मी काल विचारून घेतलं.

आणि डॉक्टरसाहेब, सुपरवायझर नसला तरी वही असते. माझ्या मापाच्या वहीत मागच्या पानावर तेव्हाचं सगळं लिहिलेलं आहे. कुणी मागितलं नव्हतं, उधारी लिहायच्या सवयीने लिहिलं: "9 तारीख. दोन फॉल. 40 मिनिटं. बोटं सुजली. 10 तारीख. काही नाही. 11 तारीख. काही नाही. 12. एक फॉल, अर्धाच."

जुनी इंदूरचा डॉक्टर

ती वही घेऊन दवाखान्यात या. असा कागद समोर असेल तर मी सही करीन.