फिंगर टेबल असताना गॉसिप कशाला?

चक्रधर:
कॉर्डसारख्या, मधला सर्व्हर नसलेल्या जाळ्यात संगणक (नोड) क्रमांकाने एका वर्तुळावर बसवलेले असतात आणि प्रत्येक नोडकडे फिंगर टेबल, म्हणजे ठरावीक अंतरांवरच्या नोडांच्या पत्त्यांची यादी, तयार असतं. तरी सगळ्यांना निरोप द्यायचा झाला की ते बाजूला ठेवून आपण गॉसिप करत, म्हणजे शेजाऱ्यांनी आपापल्या शेजाऱ्यांना सांगत, गावभर बोंबलत सुटतो. १०२४ जागांचं पूर्ण भरलेलं वर्तुळ घ्या. शून्य क्रमांकाच्या नोडला १, २, ४ करत ५१२ पर्यंत दहा फिंगर. ५१२ ला सांगायचं, 'इथून पुढचं अर्धं वर्तुळ तुझं.' २५६ ला, '५११ पर्यंत तू बघ.' ज्याला निरोप मिळाला तो आपली हद्द अशीच पुढे वाटतो. बरोबर १०२३ निरोप, कोणालाच दोनदा नाही, जास्तीत जास्त दहा उड्या. एल-अन्सारी आणि सहकाऱ्यांनी हे २००३ मध्येच मांडलंय. आता गॉसिपसाठी प्रत्येकी आठ शेजारी धरा आणि ज्याच्याकडून आलं तो सोडून बाकी सगळ्यांना पाठवा: ७१६९ निरोप. सहा हजारांवर नुसता कचरा!

शंकासूर:
कागदावर चोख. आता ५१२ ची वीज घालवा. ५११ जिवंत नोड कोरडे राहिले आणि शून्याला पत्ताही नाही. तुम्ही ज्याला कचरा म्हणताय तो विमा आहे, राव.

चक्रधर:
पोच मागवा की. नाही आली तर ५१२ च्या पुढचा नोड गाठा.

शंकासूर:
आणि पोच देऊन पडला तर? किंवा मुद्दाम गप्प बसला तर? आपल्याच सर्व्हररूममध्ये ठीक आहे, अनोळखी लोकांत नाही. इथेरियम हे क्रिप्टोचलनाचं जाळं शेजारी शोधतं केडेमलियाच्या (कॉर्डसारख्याच, टेबलवाल्या) पद्धतीने, पण ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, पसरवतं गॉसिपनेच.

रानातला_नोड:
दोघंही निरोपांची संख्या मोजताय, वजन कोण मोजणार? ३२ बाइटचा हॅश (मजकुराचा छोटा ठसा) सातदा आला तर काय बिघडलं? एक एमबीचा ब्लॉक सातदा आला की माझा हॉटस्पॉटचा रोजचा दीड जीबी दुपारीच आटपतो. प्लमट्री (२००७) ही पद्धत बघा. पूर्ण मजकूर झाडाच्या फांद्यांवरून, म्हणजे शेजाऱ्यांमधल्या निवडक दुव्यांवरून, बाकी शेजाऱ्यांना फक्त 'माझ्याकडे आहे'. मजकूर वेळेत आला नाही तर त्या शेजाऱ्याकडून मागायचा आणि तीच नवी फांदी.

चक्रधर:
पण ते झाड उगवतं गॉसिपच्याच जाळ्यावर, माझं टेबल पडूनच. त्यापेक्षा केडकास्ट (२०१९): केडेमलियाच्या बकेटप्रमाणे (अंतरानुसार केलेल्या नोडांच्या गटांप्रमाणे) हद्दी वाटायच्या आणि प्रत्येक बकेटमध्ये एकाऐवजी तिघांना निरोप द्यायचा.

शंकासूर:
तिघांना? मग वरचं 'कोणालाच दोनदा नाही' आधी खोडा.