मदत हवी आहे: मे महिन्यात तोरणमाळला तंबू ठोकून राहता येईल का?

मंडळी, जळगावात पारा ४४ च्या खाली यायला तयार नाही, रात्रीसुद्धा कूलर गरम वाराच फेकतो. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री सातपुड्यात काढायच्या आहेत. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि वडील (वय ६८, चालतात व्यवस्थित, पण चढ नको). गाडी आणि दोन तंबू स्वतःचे.

गेल्या वर्षी भंडारदऱ्याला गेलो होतो. काजव्यांचे दिवस, त्यामुळे धरणाकाठी तंबूला तंबू चिकटलेला आणि रात्री दीडपर्यंत स्पीकर. शिवाय उघड्यावर तंबू लावायची चूक केली. सकाळी सातलाच आत भट्टी. खुंट्या तर कातळात वाकून अक्षरशः कोयते झाल्या. तेव्हा यंदा सावली आणि माती दोन्ही हवी. चिखलदऱ्याचा विचार केला, पण जळगावहून लांब पडतं आणि सुट्टीत तिथेही गर्दीच.

तोरणमाळच्या एका हॉटेलवाल्याला फोन केला, तर तो खोलीच गळ्यात मारत होता. शेकोटी करणार नाही, वाळलेल्या रानात ती नकोच. छोटा गॅस सोबत आहे. पिण्याचं पाणी ४० लिटर नेऊ, वापरायचं तिथे मिळालं तर बरं.

उन्हाळ्यात तिथे प्रत्यक्ष राहून आलेल्यांनीच सांगा: यशवंत तलावाच्या आसपास झाडाखाली तंबू लावू देतात का, परवानगी नेमकी कुणाकडे मागायची, आणि शहाद्याकडून वर जाणारा घाट अंधार पडायच्या आत गाठायचा तर जळगावहून किती वाजता निघावं?