गल्लीतलं घर सोडून वलवाडीला जावं का? धुळेकरांनो, बोला

गल्लीवाला
आमचं घर आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. खाली कापडाचं दुकान, वर माडीवर आम्ही. धाकट्या भावाचं म्हणणं असं की दुकान राहू द्या, पण राहायला नदीपलीकडे वलवाडीच्या नव्या कॉलन्यांकडे प्लॉट घेऊन बांधू. रोज जेवताना हाच विषय. माझं मत आधीच सांगतो, मला हे पटत नाही.

दुपारी गिऱ्हाईक पांगलं की मी वर जातो, गरम भाकरी खातो आणि परत गादीवर येऊन बसतो. देवपूरला राहणारे माझे शेजारी दुकानदार डबा उघडतात आणि रात्री पांझरेचा पूल ओलांडून घरी जातात. आई सत्तरीच्या पुढे आहे, पण पाच कंदीलला भाजीला एकटी जाते. कॉलनीत तिला प्रत्येक वेळी कोणाच्या तरी गाडीवर बसावं लागेल. आणि धंद्याचं सांगायचं तर लग्नघरात आहेर कमी पडला की रात्री दहालाही खालून हाक येते. मी अर्धं शटर उचलून टोपी-टॉवेल काढून देतो. वलवाडीहून कोण येणार आहे शटर उचलायला?

वाडीभोकर रोड
दादा, तुम्ही दुकानाची बाजू मांडलीत. घराची मांडलीच नाही.

आम्हीही गल्लीतलेच. जिना असा की दोर धरल्याशिवाय चढता येत नाही. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून उतरवलं. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर अडकलेली, पुढे लोटगाड्या, मागे रिक्षा. ते वाचले, पण त्याच वर्षी आम्ही इकडे आलो. 'दवाखाने गावात' हेही आता जुनं झालं. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गावाबाहेर चक्करबर्डीला गेलं.

माडीवरची सून
आई एकटी भाजीला जातात हे छान. पण पाण्याच्या दिवशी खालून माडीवर हंडे कोण चढवतं, तेही लिहा ना. मोटर लावली तरी टाकी ठेवायला जागा नाही, लाकडी माळवदाला ओझं सोसत नाही.

एक मात्र कबूल. रात्री अकराला क्लासहून येताना गल्लीत भीती वाटत नाही, कोणी ना कोणी ओट्यावर असतंच. माझी बहीण नगावबारीकडे राहते. तिथे आठनंतर मुली एकट्या निघत नाहीत. तरीही मला विचाराल तर मी कॉलनीच म्हणेन. मुलीचे आईबाप स्थळ बघायला आले की पहिला प्रश्न गाडी कुठे लावता, हाच असतो.

जुना कागद
'गाव सोडणं' वगैरे भावनिक होण्याआधी एवढं आठवा की या गल्ल्या म्हणजे त्या काळची कॉलनीच होती. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळं हे मुख्य ठाणं केलं. नव्या पेठेत लोक येईनात म्हणून १८१९ पासून घरांना कायमची बिनभाड्याची जागा दिली, वर बांधायला उचल दिली. मूळ गाव होतं ते जुने धुळे. तिथल्याही कोणी तेव्हा म्हटलं असेल की नदीकाठ सोडून तिकडे कोण राहणार!

आणि आग्रा रोड म्हणजे खरोखरच मुंबई-आग्रा रस्ता. जाणारायेणारा इथेच थांबायचा, खायचा, खरेदी करायचा. महामार्ग बाहेरून गेल्यावर ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. जागेची किंमत रस्त्यामुळे होती, मातीमुळे नाही.

अहिराणी भो
भो, तो ब्रिग्ज ऱ्हाऊ दे. गाडी कोठे लावानी ते सांग!

घरमालक (नावापुरता)
लोक हौसेने गाव सोडतात असं दिसतं, पण आमच्यासारख्यांचं दुखणं कायद्यात आहे. भाडेकरू बापजाद्यांपासूनचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. भाडं २०० रुपये असेल तर वाढ ८ रुपये. त्यात कौल फिरवून होत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि प्रॉपर्टी कार्डवर सुरतेपासून पुण्यापर्यंतच्या चुलतभावांची नावं.

पाडून नवीन बांधा म्हणाल तर खाली पार्किंग सोडावं लागतं. आमच्या प्लॉटची रुंदी पंधरा फूट. पार्किंग सोडलं तर दुकान गेलं. दुकान गेलं तर बांधायचं कशासाठी?

गल्लीवाला
गाडीवर सगळ्यांनी धरलंय म्हणून विचारतो, माझ्या दारासमोर लावलेल्या गाड्या कोणाच्या आहेत? गल्लीतल्या माणसाच्या दोन असतील. बाकी देवपूर, साक्री रोड, महिंदळ्याहून दुकानावर आलेल्यांच्या. गाव सोडलं, पण धंदा सोडला नाही, म्हणून प्रत्येक जण रोज एक गाडी इथे आणून लावतो आणि संध्याकाळी घरी जाऊन म्हणतो, गावात काय गर्दी! ॲम्ब्युलन्स अडते ती याच गाड्यांना.

पुण्याहून आलेला
२०२० पासून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. पुण्यात एका खोलीला जे पडायचं त्यात इथे घर, जेवण सगळं निघतं. नेट चांगलं आहे. फक्त लग्नसराईत मीटिंग चालू असताना वरात आली की माइक बंद करून बसावं लागतं. खाली शेवभाजी मिळते म्हणून माफ.

वाडीभोकर रोड
गाड्यांचं म्हणणं मान्य, पण किती दिवस? आता वाडीभोकर रोडलाच कापड, भांडी, सोनं सगळं मिळतं. माझी बायको आग्रा रोडला फक्त दिवाळीत येते. उद्या गिऱ्हाईकच इकडे वळलं तर गाड्याही येणार नाहीत आणि तुमची दहाची हाकही. घराचा निर्णय भाऊ करतोय, दुकानाचा कोणी करतंय का?

घरमालक (नावापुरता)
मधला मार्ग सांगतो. विकू नका. भावाला आधी देवपूरला भाड्याने राहून बघू द्या, आणि माडी तोवर गोडाऊन करा.

माडीवरची सून
आमच्या गल्लीत पाच माड्यांची गोडाऊनं झालीत. ओट्यावर बसणारं उरलं कोण? रात्रीची भीती वाटत नाही म्हटलं, ते ज्यांच्या जिवावर, तेच निघाले.

अहिराणी भो
गोडाऊनचं भाडं घरापेक्षा जास्त येस, म्हणून होई ऱ्हायनं ते. पण गल्लीवाले भाऊ, हे तुमच्या धाकट्याला सांगू नका. उद्याच माडी रिकामी करील.