सस्कॅचेवानच्या माळावर गावे का दिसत नाहीत?

तापीकाठ (शहादा):
मुलगा रेजायनाला नोकरीस असल्यामुळे यंदाचा उन्हाळा कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात गेला. रेजायनाहून स्विफ्ट करंटपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेवर शेती अखंड होती, गाव मात्र क्वचितच. आपल्याकडे एका गावाचे शिवार संपते न संपते तोच दुसऱ्याचे सुरू होते. तिथे दूरवर झाडांचा पुंजका आणि त्यात एकटे घर. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसे अवघी ११ लाख ३२ हजार. एकट्या धुळे जिल्ह्यात २०११ मध्येच २० लाख होती! हे केवळ थंडीमुळे का?

गिरणाथडी (चाळीसगाव):
थंडी आहेच, शिवाय दक्षिण भागात पाऊसही वर्षाला साडेतीनशे-चारशे मिलिमीटरच. पण घरे एकेकटी का, याचे उत्तर जमीन मोजणीत आहे. सहा मैलांचे चौकोन, त्यांत ६४० एकरांचे ३६ तुकडे, आणि त्यातला चौथाई, म्हणजे १६० एकर, १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कात मिळे. अट अशी की तीन वर्षे राहून ती जमीन कसली पाहिजे. काळी कसायची आणि पांढरीत, म्हणजे गावठाणात, राहायचे ही आपली रीत त्या अटीत बसत नव्हती. (मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सवलत मिळवून काही गावे वसवली, तो अपवाद.) पुढे ट्रॅक्टर आले, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या जमिनी घेतल्या, आणि आज सरासरी शेत सतराशे एकरांच्या वर आहे. रेल्वेकाठची गावेही घोडागाडीने धान्य पोहोचवता येईल अशा बेताच्या अंतरावर होती. ट्रक आले, १९९५ मध्ये धान्यवाहतुकीची जुनी सवलत संपली, रेल्वेचे फाटे बंद झाले आणि लाकडी कोठारे पाडली गेली.

सातपुडा (धडगाव):
विरळ घरे पाहायला इतके दूर जायला नको. अक्राणीतल्या आमच्या पाड्यांवरही ज्याचे घर त्याच्या शेतात असते. मात्र ते पाणी, उतार आणि भाऊबंदकी पाहून बांधलेले, पट्टी लावून नव्हे. आणि तो माळ मुळात ओसाड नव्हता, हेही नोंदवावेसे वाटते. क्री, नाकोडा, मेती हे मूलनिवासी लोक बायसनच्या (तिकडच्या गव्यांच्या) कळपांमागे तिथे फिरत. सरकारशी झालेल्या १८७४ च्या चौथ्या करारानंतर, कळप संपत आले असताना, क्री आणि नाकोडांना राखीव जागांत ढकलले गेले, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर ते चौकोन भरले गेले.

तापीकाठ:
दोघांचेही आभार. वाटेत एके ठिकाणी झाडांच्या सरळ रांगा होत्या आणि मध्ये काहीच नव्हते. मी ती कोणाची तरी बाग समजलो होतो.

गिरणाथडी:
वारा अडवण्यासाठी लावलेली झाडे असावीत ती. आत कधीकाळी घर असणार.