नकार मिळालेल्या ग्राहकांची नावं निर्यातदाराला कळावीत का?

घाटकोपरकर
वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह कारखान्याचे निर्यातीचे कागद मी करतो. आमचे व्हॉल्व्ह आतून टेफ्लॉन लायनिंगचे. आम्लाला दाद देत नाहीत म्हणून रंग-औषधांच्या प्लांटला लागतात, आणि नेमके म्हणूनच विषारी वायू बनवणाऱ्यालाही. त्यामुळे स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची सरकारी यादी), डीजीएफटीचा, म्हणजे दिल्लीच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना वगैरे आलंच.

गेल्या महिन्यात एक चौकशी आली. पैसे आगाऊ द्यायला तयार, पण माल कुठल्या प्लांटला लागणार विचारलं की गडी विषय बदलतो. साहेबांनी ऑर्डर सोडली. आता मला सांगा, याला दुसऱ्या देशाने आधीच नाही म्हटलं असेल तर? रासायनिक-जैविक शस्त्रांना लागणाऱ्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा ऑस्ट्रेलिया ग्रुप आहे ना, त्यातले देश असे नकार एकमेकांना कळवतात, भारत जानेवारी २०१८ पासून त्यात आहे. म्हणजे दिल्लीत ती नावं असणार. मग आम्हालाच का नाहीत?

बॅलार्डपिअर
कारण तुम्हाला सांगितलं की चार दिवसांत मशीद बंदरला कळेल. नाव फुटलं की तो माणूस नवी पाटी लावून मोकळा. शिवाय नकारामागे बऱ्याचदा हेरखात्याची माहिती असते. ती चव्हाट्यावर आली तर पुढच्या वेळी कोण देईल? तुम्ही परवान्याला अर्ज करा, नावं जुळवायचं काम तिकडचं.

घाटकोपरकर
अर्ज सहसा होतो तो यादीतल्या मालाला. ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या यादीत व्हॉल्व्ह येतो तो १० मिमीच्या वरचा. त्याने त्याहून लहान मागितला तर सहसा अर्जच नाही, मग नाव कुठे जुळवणार?

उरणचा वारा
कशाला डोकं पिकवताय? चीन ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये नाही, शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या वासेनार गटातही नाही. तुम्ही नाही म्हणा, कंटेनर शांघायहून सुटेल. ठाण्याची ऑर्डर तेवढी गेली.

जुनी फाइल
उरणकर, ऑर्डर गेली हे खरं. पण दोन्ही गटांना एकाच मापाने मोजू नका. ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये एकाने नाकारलेला तसाच माल दुसऱ्याला द्यायचा तर आधी नाकारणाऱ्याशी बोलावं लागतं. वासेनारमध्ये तसं बंधन नाही. संवेदनशील माल असला तरी आधी खुशाल द्या, मग शक्यतो ३० आणि फार तर ६० दिवसांत इतरांना कळवा. ४२ देश, कारभार एकमताने, आणि त्यात रशियाही, मग कडक बंधन यायचं कुठून?

बॅलार्डपिअर, माहिती फक्त वरच साठते असं मात्र नाही. १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबा मशीनने सोव्हिएत युनियनला पाणबुडीचे पंखे घडवणारी यंत्रं विकली, त्यांची नियंत्रण प्रणाली नॉर्वेच्या कोंग्सबर्गची. सोव्हिएत गटाला असा माल जाऊ नये म्हणून पाश्चिमात्य देश आणि जपान यांनी नेमलेली कोकॉम समिती पॅरिसला होतीच की राखणीला! तिला हे कळलं ते व्यवहारातल्याच एका व्यापारी कंपनीच्या माणसाने पत्र पाठवलं तेव्हा. घाटकोपरकर, तुम्ही सोडलेली चौकशी कुठे कळवलीत का?

घाटकोपरकर
नाही. कळवायची असते हे डोक्यातच आलं नाही. मेल तसाच पडलाय.

बॅलार्डपिअर
घ्या! दिल्लीकडून यादी मागताय आणि तुमच्याकडचं एक नाव दाबून बसलाय.

घाटकोपरकर
मान्य. सोमवारी डीजीएफटीला पाठवतो. पण मंगळवारी तोच माणूस भिवंडीच्या एखाद्या कारखान्यात गेला, तर तिथल्या कारकुनाला कोण सांगणार?