मदत हवी आहे : सगळी वर्तुळं समरूप, पण दहावीच्या पोरांना सिद्ध कसं करून दाखवायचं?

नमस्कार मंडळी, फोंड्याला दहावीची ट्यूशन घेतो. बहुभुजांची समरूपता म्हणजे कोन समान आणि बाजू प्रमाणात, पण वर्तुळाला बाजूच नाही, मग ते समरूप कसं, असं एका मुलीनं विचारलं आणि प्रश्न अगदी रास्त आहे. "आकार तोच" एवढ्यावर तिचं समाधान होत नाही, व्हायलाही नको.

एककेंद्री वर्तुळं सगळ्यांना पटली. वेगळ्या केंद्रांसाठी फळ्यावर ३ आणि ६ सेमी त्रिज्येची वर्तुळं काढली, केंद्रांतलं अंतर १० सेमी. बाहेरच्या सामाईक स्पर्शिका लहान वर्तुळाच्या केंद्रापासून १० सेमीवर पलीकडे P मध्ये मिळतात, तिथून लहान वर्तुळावरच्या A पर्यंतची रेघ दुप्पट केली की टोक बरोब्बर मोठ्या वर्तुळावर येतं, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीनं सिद्धही होतं. पण त्रिज्या सारख्या असल्या की स्पर्शिका समांतर, P मिळतच नाही!

केंद्रं जोडणारी रेघ त्रिज्यांच्या प्रमाणात आतून विभागून तो बिंदू घेतला तर सारख्या त्रिज्याही चालतात, फक्त आकृती १८० अंशात फिरते. निर्देशांक आणि सदिश नकोत, पोरांना झेपणार नाहीत. तर हा आतला बिंदू धरून एकच सिद्धता सगळ्या वर्तुळांना पुरते का, की सारख्या त्रिज्यांना एकरूप म्हणून वेगळंच सांगावं?