सिम्प्युटर चुकला होता, की तो गावापर्यंत पोहोचलाच नाही?

धागाकर्ता (शेतकरी, यवतमाळ जिल्हा):
मोबाइलवर सातबारा पाहताना मला दरवेळी बंगळूरच्या सिम्प्युटरची आठवण येते. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन यांनी एन्कोर सॉफ्टवेअरच्या सोबतीने 2001 मध्ये या हातात मावणाऱ्या संगणकाचा नमुना लोकांपुढे ठेवला. लिनक्सवर चालणारे, पडद्याला काडी टेकवून वापरायचे, मूळ आराखड्यात पेन्सिल सेलांवर चालणारे आणि निरक्षर माणसाला मजकूर वाचून दाखवणारे हे यंत्र सुमारे 9,000 रुपयांत द्यायचे ठरले होते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यातले स्मार्ट कार्ड. यंत्र गावात एकच असावे, पण प्रत्येकाची माहिती ज्याच्या त्याच्या कार्डावर, ज्याच्या त्याच्या खिशात राहावी, हा विचार आमच्यासारख्या गावांना ओळखूनच केलेला होता. बाजारातील आवृत्ती मात्र 2004 उजाडल्यावर आली आणि 2005 पर्यंत जेमतेम 4,000 यंत्रे खपली. ज्या सरकारी खरेदीवर भिस्त होती, ती झाली नाही. माझ्या मते दोष कल्पनेचा नव्हता.

निवृत्त तलाठी (वर्धा जिल्हा):
भाऊ, कल्पनेचाही दोष होता. 2004 मध्ये माझ्या साझ्यातील सातबारे मी हाताने लिहीत होतो. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाने जमिनीच्या नोंदी आधीच संगणकावर आणल्या होत्या, म्हणून तिथे सिम्प्युटर वापरून पाहण्याला अर्थ होता. आमच्याकडे त्याने वाचून दाखवायचे तरी काय? शिवाय शेतकऱ्याला बोलायचे होते. यवतमाळच्या बाजारात कापसाचा भाव काय निघाला, हे भाच्याला फोन करून एका मिनिटात कळत असेल, तर त्यासाठी नऊ हजारांचे यंत्र गावाने वर्गणी काढून का घ्यावे? साधा मोबाइल जिंकला, तो त्याच्या गुणांवर.

धागाकर्ता:
काका, नोंदी तयार नव्हत्या, हे मान्य. पण तो दोष यंत्राच्या माथी कसा मारता? भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या ‘अमिडा’ आवृत्तीत यंत्राची हालचाल ओळखणारा संवेदक होता, तोही पहिला आयफोन येण्याच्या तीन वर्षे आधी. इतक्या पुढचा विचार करणाऱ्यांना 2001 ते 2004 ही तीन वर्षे भांडवल आणि मागणी यांची वाट पाहण्यात घालवावी लागली, याची मला आजही हळहळ वाटते.

बचत गटाच्या सचिव (वाशीम जिल्हा):
काकांचे बोलणे भावापुरते पटते, पण पैशाच्या व्यवहाराला फोनवरचे बोलणे पुरत नाही. आमच्या गटातील बाया दिवाळीनंतर दोन-तीन महिने कापूस वेचतात. बोंडांच्या टोकदार कडांनी त्यांची बोटे इतकी चिरतात की पैसे काढताना ठसा घेणाऱ्या यंत्रावर अंगठा उठत नाही. म्हणून मला सिम्प्युटरसारखे खिशातले कार्डच बरे वाटते.

निवृत्त तलाठी:
ताई, कार्ड हरवते, आणि बाईचे कार्ड नवऱ्याच्या खिशातही जाते. साझ्यात खातेपुस्तिकांचे असे झालेले मी कितीदा तरी पाहिले आहे.

बचत गटाच्या सचिव:
तसे होते, हे मी नाकारत नाही. मात्र हरवलेले कार्ड नवे करून मिळते आणि नवऱ्याकडून ते परत मागण्यासाठी गट पाठीशी उभा राहतो. चिरलेल्या बोटाचे काय करायचे? मागच्या हंगामात आमच्यातील एकीचा अंगठा सहा वेळा लावूनही उठला नाही. तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागले आणि तिची वेचणीची मजुरी बुडाली.